नेम्बेराला: राहायला जा, जमीन घ्यायला नको

इंडोनेशियात तिमोर बेटाच्या नैऋत्येला रोटे नावाचं छोटं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नेम्बेराला गाव जगभरच्या सर्फरांना माहीत आहे, ते समोरच्या प्रवाळखडकावर फुटणाऱ्या लांबलचक ‘डाव्या’ लाटेमुळे, म्हणजे सर्फरच्या डाव्या हाताला फुटत जाणाऱ्या लाटेमुळे. मे ते सप्टेंबर ही मंडळी तिथे असतात. आम्ही गेलो ते मात्र गाव बघायला, आणि तेवढ्यासाठीही तिथे जरूर जावं असं माझं ठाम मत झालंय.

पोहोचायला वेळ लागतो. आधी बाली, तिथून विमानानं पावणेदोन तासांवर तिमोरवरचं कुपांग शहर, कुपांगच्या तेनाउ धक्क्यावरून जलद बोटीनं सुमारे दोन तासांत बाआ. बाआ हे रोटेचं मुख्य गाव. तिथून नेम्बेरालाला गाडीनं तास-सव्वा तास लागतो. कुपांगजवळच्या बोलोक बंदराहून रोटेतल्या पंताई बारूला मोठी फेरीबोटही जाते. ती स्वस्त आहे, पण अर्धा दिवस खाते. कुपांगहून छोटं विमानही आहे. पाच-सहा जण असाल तर बाआहून गाडी आधी ठरवून ठेवा. एकटेदुकटे असाल तर मोटारसायकल भाड्यानं घ्या, पण आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा.

गावाचं खरं रूप ओहोटीला दिसतं. पाणी मागे हटतं आणि खडकाच्या आतल्या उथळ भागात खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांच्या ओळी उघड्या पडतात. ही समुद्रशेवाळाची शेती. बायका गुडघाभर पाण्यात वाकून ओळीओळीनं फिरतात, वाढलेले झुपके काढतात. नव्या लागवडीसाठी मुठीएवढे तुकडे घरी सावलीत बसून दोरीला बांधले जातात. या कामात आजीपासून शाळेतून आलेल्या पोरांपर्यंत सगळे असतात. साधारण दीड महिन्यात पीक तयार होतं, ते किनाऱ्यावर ताडपत्रीवर वाळतं आणि व्यापारी किलोवर घेऊन जातात. त्यातून निघणारं कॅराजिनन हे घट्टपणा आणणारं द्रव्य आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे वापरलं जातं. वाळत घातलेल्या मालावर पावसाची एक सर आली तरी भाव पडतो, म्हणून ढग आले की अख्खी आळी धावते.

या शेतीवर केवढं संकट आलं होतं, ते जाण्याआधी माहीत असावं. २१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत, तिमोर समुद्रातल्या मोंतारा तेलविहिरीतून गळती सुरू झाली आणि ती दहा आठवड्यांहून अधिक काळ चालली. रोटे आणि कुपांगच्या किनाऱ्यावरचं शेवाळ मेलं. रोटेचे शेतकरी डॅनियल सांडा यांनी पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या वतीनं ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात दावा लढवला. २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, आणि २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. म्हणजे ज्या पिकावर घरं चालत होती, त्याच्या भरपाईसाठी तेरा वर्षं थांबावं लागलं. पर्यटकाला किनारा रिकामा वाटतो, पण ते या लोकांचं शेत आहे. दोऱ्यांवरून चालू नका, वाळत घातलेला माल ओलांडू नका, आणि ओहोटीला पोहायला जायची वाट गावकऱ्यांना विचारून ठरवा.

दुसरा आधार ताडाचा. पालघर-डहाणूकडे दिसतो तोच हा ताड, पण रोटेत त्याच्यावर अख्खं बेट जगत आलंय. पहाटे आणि संध्याकाळी पुरुष झाडावर चढतात. कमरेला ताडाच्याच पानाची बादली लटकलेली असते. फुलोरा लाकडी चिमट्यानं दाबून रस काढायचा, चुलीवर आटवून त्याचा काकवीसारखा पाक करायचा किंवा चपट्या गोल वड्या पाडायच्या. कोरड्या महिन्यांत पाण्यात कालवलेला हा पाक जेवणाची जागाही घेतो. विकत घ्यायचं तर बाजारातून नको, ज्या घरात चूल पेटलेली दिसेल तिथूनच घ्या. पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

जेवणाचं शाकाहारी मंडळींनी आधीच सांगून ठेवावं. रोटे प्रामुख्यानं ख्रिस्ती आहे, त्यामुळे डुकराचं मांस आणि मासे सर्रास असतात. पण शेवग्याच्या पाल्याची भाजी घरोघरी होते, सोबत भात, टोफू आणि टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. ‘तान्पा इकान, तान्पा तेरासी’ म्हणजे मासे नकोत, कोळंबीची चटणीही नको, एवढं पाठ करून जा. रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असतं. त्या वेळी गाडी, जेवण, बोट यांची अपेक्षा ठेवू नका.

आता जमिनीबद्दल, कारण तिथे चार दिवस राहिलं की कुणीतरी हा विषय काढतंच. समोर समुद्र, भाव बालीपेक्षा कितीतरी कमी, मग मोह होतो. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, परदेशी माणसाला मिळत नाही. स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन मागे खासगी करार करायचा, हा सुचवला जाणारा मार्ग कायद्यानं रद्दबातल आहे. जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. ‘हाक पाकाई’ हा वापराचा हक्क घरासाठी ३०, मग २० आणि ३० वर्षांच्या मुदतीनं मिळू शकतो, पण त्यासाठी वैध इमिग्रेशन कागदपत्रं लागतात आणि घराच्या किमान किमतीची अट असते. कंपनी काढायची तर १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. शिवाय कमाल भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टा संरक्षित धरला जातो.

याहून अवघड गोष्ट कागदावर दिसत नाही. बरीचशी जमीन एकट्याची नसते, अख्ख्या घराण्याची मिळून असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा नावं असली की व्यवहाराचं काय होतं ते आपण जाणतो, इथे तर काही नावं कुठल्या कागदावरही नसतात. शेजारच्या बोआमध्ये किनाऱ्यावर जायच्या वाटेवरून गावकरी आणि विकासक यांच्यात वाद झालेला आहे. सर्फरांचा मोसम गेल्यावर गावात कामं उरत नाहीत, आणि ज्यांनी किनाऱ्यालगतची जमीन विकली त्यांना शेवाळ वाळवायला जागाही उरत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच: खोली घ्या, घर भाड्यानं घ्या, एक कोरडा आणि एक पावसाळी मोसम राहून बघा. तरीही गुंतवायचंच असेल तर जमीन कार्यालयातली नोंद स्वतःच्या वकिलाकडून तपासा, विकणाऱ्यानं आणलेल्या वकिलाकडून नको. भारतातून पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशातली मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते.

राहिलेल्या गोष्टी पटकन सांगतो. भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, एकदा ३० दिवसांनी वाढणारा. मुदतवाढ गावात होत नाही. बालीत उतरलात तर दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा. रोख रक्कम कुपांग किंवा बाआमध्येच काढा. फोनसाठी तेल्कोमसेलचं सिम घ्या, बाकीच्यांचा भरवसा नाही. मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, मच्छरदाणी आणि मलम न्या. मोठ्या दुखण्याला कुपांगच गाठावं लागतं, म्हणून विमा असू द्या. कोरड्या दिवसांत विहिरी आटतात, तेव्हा आंघोळीला बादलीभरच पाणी वापरा.

वेळ असेल तर समोरच्या न्दाओ बेटावर जा. तिथल्या बायका इकात, म्हणजे सूत आधी बांधून रंगवलेलं नक्षीचं कापड, विणतात आणि पुरुष पिढ्यानपिढ्या सोन्याचांदीचे दागिने घडवतात. कापड थेट विणणारीकडून घ्या आणि फार घासाघीस करू नका, एका तुकड्यामागे कित्येक आठवडे गेलेले असतात.

डिसेंबर ते मार्च समुद्र खवळलेला असतो आणि बोटी अचानक रद्द होतात. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळानं कुपांग आणि रोटेला झोडपलं, तेव्हा एप्रिलची सुरुवातही निर्धास्त धरू नका. जून ते ऑगस्टमध्येही परतीचं विमान बोटीच्याच दिवशी पकडायचा बेत आखू नका, कुपांगमध्ये एक रात्र हाताशी ठेवा.