इत्सुकुशिमा: आधी भरती बघा, मग गाडी

जपानमधल्या मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा मंदिराला जायचं तर गाड्यांच्या वेळापत्रकाआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता काढा. पाणी २५० सेंटिमीटरच्या वर असलं की मंदिर तरंगल्यासारखं दिसतं. १०० च्या खाली उतरलं की समुद्रातल्या तोरीपर्यंत, म्हणजे त्या केशरी महाद्वारापर्यंत, पायी जाता येतं. मधल्या वेळेत धड पाणी नाही, धड वाळू नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला साधारण सहा तासांच्या अंतराने दोन्ही रूपं मिळतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, पाणी तेवढं उतरेलच असं नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

हिरोशिमाहून लोकलने मियाजिमागुची अर्धा तास, पुढे फेरीबोट दहा मिनिटं. जेआर या रेल्वे कंपनीची बोट दिवसा तोरीच्या जवळून वळसा घेते, तेव्हा जाताना उजव्या कठड्याला उभे राहा. रेल्वे पास असला तरी बेटाचा १०० येन कर वेगळा भरावा लागतो. उतरल्यावर तिकीट आणि नकाशा खिशात खोल ठेवा, धक्क्यावरची हरणं कागद खातात.

मंदिर सकाळी साडेसहाला उघडतं, प्रवेश ३०० येन. वाट एकेरी आहे, मागे फिरता येत नाही. आधी हात धुवायचे: ओगराळ्याने डावा, मग उजवा, डाव्या ओंजळीतून चूळ, पुन्हा डावा. ओगराळं तोंडाला लावू नये. देवापुढे दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. ओवरीच्या फळ्यांत मुद्दाम फटी सोडल्यात, म्हणजे उधाणाचं पाणी वर आलं तरी दाब निघून जातो. त्याच फटींतून नाणी आणि लेन्सची झाकणं थेट समुद्रात जातात.

ओहोटीला तोरीच्या बुडाशी जाऊन बघाच. आताची तोरी १८७५ ची, सुमारे १६ मीटर उंच. मुख्य खांब म्हणजे कापराच्या झाडाची अखंड खोडं, त्यांचा वेडावाकडा फुगीरपणा रंगाखालूनही दिसतो. ती जमिनीत पुरलेली नाही. वरच्या पोकळ तुळईत दगड भरलेत आणि सगळं स्वतःच्या वजनावर उभं आहे. लाकडाच्या भेगांत नाणी खोचू नका, लाकूड त्याने खराब होतं. वाळूवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्यांची चप्पल घसरते.

दुकानं पाचच्या सुमारास मिटतात, जेवण त्याआधी उरका. गर्दी ओसरली की अंधारात तोरीवर दिवे लागतात ते रात्री अकरापर्यंत. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच टिपून ठेवा.