तुम्ही विचारलंत म्हणून: दहावी अडकली, आता पोराला कामाला लावू का?

प्रश्न साधारण एकाच शब्दांत येतो. "पोराचं दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं. शाळेत मन नाही. हाताला काम शिकेल असं काही सांगा, नाहीतर ओळखीच्या ठेकेदाराकडे चिकटवून देतो." पोरगा पंधरा-सोळाचा असतो आणि घरच्यांचा अर्धा निर्णय झालेलाच असतो.

ठेकेदाराकडे लावू नका. मेहनतीचं काम वाईट असतं म्हणून हे सांगत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं काम पुढच्या कुठल्याच कामाला जोडलेलं नसतं, ही खरी अडचण आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, आणि त्याची हमी 6 ते 14 वयापर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. दुसऱ्या टोकाला कारखान्याचं गेट आहे. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या आधारवरची जन्मतारीख बघून अठराच्या आतल्याला गेटवरूनच परत पाठवतात. कायद्याची एक हमी चौदाला संपते, पगाराची दुसरी वाट अठराला उघडते. मधली चार वर्षं कोणाचीच नाहीत. या वर्षांत पोरगा मंडपवाल्याकडे, गॅरेजात, हॉटेलात नाहीतर सेंट्रिंगच्या कामावर जातो. पैसे हातात येतात, कागद काहीच येत नाही. अठराव्या वर्षी तो गेटवर उभा राहतो तेव्हा त्याची भरती 'हेल्पर' म्हणून होते, आणि पाच वर्षांनीही तो हेल्परच असतो.

आता 'हाताला काम शिकेल' याबद्दल. हातकाम म्हणजे अभ्यासातून सुटका असं घरी धरलेलं असतं, आणि चुकतं ते इथेच. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलांना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच मधल्या आकड्यापासून ठेवली तेव्हा फक्त 39 टक्के. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. वर्कशॉपमध्ये शून्यापासून मोजायला कोणी देत नाही. व्हर्नियर कॅलिपर 0.02 मिलिमीटर मोजतो, मायक्रोमीटर 0.01, आणि दोन्ही वाचायचे म्हणजे दशांशाची बेरीजच करायची.

एम-10 चा, म्हणजे 10 मिलिमीटरच्या बोल्टचा, आटा भोकात पाडायचा आहे असं धरा. ड्रिल कोणतं लावायचं? आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5, म्हणून 10 वजा 1.5, साडेआठचं ड्रिल. आठचं लावलं तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, अडकतो आणि भोकातच मोडतो. मोडका टॅप काढण्यापेक्षा नवा जॉब करणं परवडतं. नऊचं लावलं तर आटे उथळ पडतात आणि बोल्ट आवळताना सोलून निघतात. टॅप फिरवतानाही अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे बुरादा तुटतो; आणि तेल हवंच. फिरवणं आठवड्यात येतं. साडेआठ का, हे ज्याला कळलं त्याला एम-8 ला 6.8 का लागतं ते विचारावं लागत नाही. दहावीत राहिलेलं गणित वर्कशॉपात पुन्हा समोर येतं, आणि तिथे चुकलं की माल जातो.

म्हणून पहिलं काम राहिलेले विषय काढणं. मे महिन्यात निकाल लागला की राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, आणि तिचा फॉर्म शाळेतूनच भरावा लागतो. निकालाच्या दुःखात पंधरा दिवस गेले की मुदत हुकते, हे दरवर्षी होतं. गुणपत्रिकेवर हल्ली 'नापास' असं न लिहिता 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा येतो. शब्द गोड आहे, पण त्याचा अर्थ पास असा होत नाही. एक-दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर काढायच्या अटीवर, अकरावीलाही बसता येतं, मात्र ज्याचं मन शाळेत नाही त्याला ती सवलत नुसतं वर्ष पुढे ढकलायला मिळते.

शाळा आधीच सुटली असेल तर बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे बाहेरून परीक्षा. दुसरी वाट एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची: पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि राज्य मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंत गुण जमा करून मिळतात. इथे एक खड्डा आहे. एनआयओएसला गणित सक्तीचं नाही, त्यामुळे क्लासवाले सोपे पाच विषय निवडून देतात आणि पोरगा पास होतो. मग आयटीआयच्या फॉर्मवर फिटर, इलेक्ट्रिशियन टाकायला जावं तर तिथे दहावीला गणित आणि विज्ञान असणं आवश्यक. दहावी झाली, पण ज्या ट्रेडसाठी ती केली तोच बंद. विषय निवडताना पुढचा ट्रेड आधी ठरवा, विषय नंतर.

आणि दहावी निघतच नसेल तर? तरीही आयटीआय आहे. वेल्डर, प्लंबर, कारपेंटर, वायरमन, शीट मेटल वर्कर, गवंडी, शिवणकाम असे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्ण मुलांना खुले असतात. अट बघताना 'अनुत्तीर्ण' हा शब्द नीट वाचा. नापासाची का होईना, दहावीची गुणपत्रिका हातात असलेली बरी. परीक्षेला न बसता शाळा सोडणारा पोरगा या ओळीतूनही बाहेर पडतो. म्हणून नववीत किंवा दहावीच्या मध्यावर काढून घेऊ नका, एकदा परीक्षेला बसवाच.

यातला वेल्डर एक वर्षाचा ट्रेड आहे आणि लोक त्याला कमी लेखतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. पहिले काही आठवडे पोरगा सपाट प्लेटवर नुसत्या रेघा ओढतो. त्याचा कंटाळा येतो आणि गळती इथेच लागते. पुढे चाचणीची प्लेट येते: 10 मिलिमीटरच्या दोन प्लेटा, प्रत्येकीची कड 30 अंशांत कापलेली, मध्ये अडीच-तीन मिलिमीटरची फट. पहिला थर अडीचच्या रॉडने, 60 ते 90 अँपिअरवर. वरचे थर 3.15 च्या रॉडने, ज्याला वर्कशॉपात दहा गेज म्हणतात, साधारण 90 ते 130 वर. करंट जास्त झाला की कडेला खाच पडते. थरांमधला स्लॅग, म्हणजे वर साचलेली कडक मळी, नीट न ठोकता पुढचा थर चढवला तर तो आत गाडला जातो आणि प्लेट वाकवून तपासताना तिथूनच तडा जातो. रॉड ओला असेल तर जोडात बुडबुडे राहतात. 7018 चा रॉड तर भट्टीत भाजूनच वापरायचा. काच न लावता दुरून जरी ज्योत बघितली तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

हे आकडे पाठ करायची गरज नसते, कारण ते कागदावर लिहून येतात. चांगल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डरच्या हातात डब्ल्यूपीएस देतात, म्हणजे कोणता रॉड, किती करंट, किती थर याचा तक्ता. तो इंग्रजीत असतो. जो तो वाचतो तो प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या) आणि पाइपच्या जोडांपर्यंत जातो. ज्याला वाचता येत नाही तो ग्रिल आणि गेटच्या दुकानात थांबतो. हात दोघांचाही सारखाच असू शकतो.

आयटीआयमुळे शिक्षणाची वाट बंद होत नाही, हे फार घरांत माहीतच नसतं. दोन वर्षांचा ट्रेड पास होऊन बोर्डाचे भाषेचे पेपर दिले तर दहावी न झालेल्याला दहावीची आणि दहावी झालेल्याला बारावीची समकक्षता मिळते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा, हा फरक इथे कामाला येतो. ट्रेड निवडताना मात्र घरापासूनचं अंतरही बघा. लांबच्या आयटीआयला मिळालेल्या 'चांगल्या' ट्रेडपेक्षा रोज पोचता येईल असा साधा ट्रेड पुरा होतो. हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.

मग अप्रेंटिसशिप. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन पाचवी ते नववी झालेल्याला 5,000, दहावीला 6,000, आयटीआयला 7,000 रुपये ठरलं होतं. म्हणजे दहावी नसलेल्यालाही दार आहे. फसवणूक 'ट्रेनी' या शब्दात होते. ठेकेदार पोरगा ट्रेनी म्हणून घेतो, लाइनवर उभा करतो, काही महिन्यांनी ब्रेक देतो. खरी अप्रेंटिसशिप असेल तर सरकारी पोर्टलवर नोंदवलेला करार असतो, त्याला नंबर असतो, पैसे खात्यात येतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. करार दाखवा म्हटल्यावर समोरचा विषय बदलू लागला की समजा.

शाळेचा बाकच नको असलेल्या मुलासाठी पाबळचा विज्ञान आश्रम माहीत असू द्या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात तो सुरू केला. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, आरोग्य-स्वयंपाक अशी सगळी कामं प्रत्येकाला करावी लागतात, मुलींनाही वेल्डिंग आणि मुलांनाही स्वयंपाक. पोराचा हात कशात चालतो हे वर्षभरात घरच्यांच्या अंदाजापेक्षा बरं कळतं.

मुलींच्या बाबतीत प्रश्न बहुधा एसटीचा असतो: गावातली शाळा सातवीला किंवा आठवीला संपते, आणि पुढची गाडी संध्याकाळी अंधारात परत येते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो आणि पोरं सोबत जातात. अशांसाठी हंगामी वसतिगृह असतं, स्थलांतर करताना शिक्षण हमी कार्ड मिळतं. मुख्याध्यापकांकडे गाव सोडण्याआधी मागावं लागतं, परत आल्यावर त्याचा उपयोग नाही.

शेवटचं, दाखल्याचं. शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद आधारशी ताडून बघा, एकेक अक्षर. मुलगा शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतली, चूक अर्ज देऊन दुरुस्त होते. दाखला हातात पडल्यावर तीच चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचं प्रकरण होते, आणि आयटीआयचा प्रवेश त्यासाठी थांबत नाही. मूळ दाखला ठेकेदाराकडे 'जमा' करू नका. झेरॉक्स द्या.