हुपरीची चांदी ते भाजल्यावरचं मलम : आमची वाटचाल

आमचं घर कोल्हापूरजवळच्या, चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीचं, म्हणजे घरात चांदी असणारच. आबांचा पैंजण-साखळ्यांचा धंदा, मजुरीवर काम. मी बी.फार्म करून आलो तेव्हा आबांना वाटलं पोरगा मेडिकल टाकणार, आणि मी म्हणलं मला चांदीचंच काम करायचंय पण दागिना करायचा नाही, तर दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत.

2009 ला गोकुळ शिरगावात एक शेड भाड्याने घेऊन सिल्व्हर नायट्रेट करायला लागलो. नायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं तेजाब, त्यात चांदी विरघळवायची, आटवायची आणि खडे पाडायचे. 1 किलो चांदीचे साधारण दीड किलोच्या वर खडे होतात. हातावर थेंब उडाला तर आधी काहीच दिसत नाही, उजेडात गेलं की काळा डाग, आणि तो साबणाने जात नाही, वरची कातडी निघेल तेव्हाच जातो. साखरपुड्याला माझी तीन बोटं काळी होती, सासरे हळूच म्हणाले, "पाव्हणं, गॅरेज पण आहे का तुमचं?"

गिऱ्हाईक म्हणजे लॅबवाले आणि औषधाचा कच्चा माल करणारे. हा माल शेवटी जातो कुठं हे बघताना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावरच्या मलमातलं औषध, सापडलं. अमेरिकेत 1965 ला मॉयर नावाच्या सर्जनने भाजलेल्या पेशंटना 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या लावल्या, जंतू आटोक्यात यायचे पण चादरी, भिंती, नर्सचे हात सगळं काळं, आणि पेशंटच्या अंगातलं मीठ त्या पाण्यात उतरायचं ते वेगळंच. मग 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या चार्ल्स फॉक्सने चांदी सल्फाडायझिन ह्या सल्फा औषधाला बांधून क्रीम केलं. अजून भाजलं की डॉक्टर जे पांढरं मलम लिहून देतात ते हेच, 1 टक्क्याचं.

बांधायची गरज काय हे आम्हाला नळाच्या पाण्याने शिकवलं. नवीन पोरानं एकदा भांडी नळाखाली खळबळली आणि त्यातच सोल्युशन ओतलं, बघता बघता सगळं दुधासारखं! पाण्यातल्या क्लोराइडने, म्हणजे मिठात असतं तेच, चांदी धरली, सिल्व्हर क्लोराइड झालं, माल गेला. जखमेतून जे पाणी सुटतं ते पण खारटच की, तिथं पण हेच होतं. जंतूला मारतो तो सुटा चांदीचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला कण, तो त्याच्या प्रोटीनमधल्या गंधकाला जाऊन चिकटतो आणि काम बंद पाडतो. पण सगळी चांदी एकदम सोडली तर मीठच खाऊन टाकतं, म्हणून थोडी थोडी सुटेल अशी सोय लागते. त्या दिवसानंतर डीआयचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचा, प्लांट बसवला. आणि धुण्याचं पाणी फेकत नाही, टाकीत मुद्दाम मीठ टाकतो, खाली साका बसला की परत गाळायला देतो. चांदीच्या दुकानातली धूळसुद्धा विकली जाते हे हुपरीकराला शिकवावं लागत नाही.

2013 ला लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करायच्या परवान्यावर, स्वतःचं क्रीम आणलं. पहिली 20 ग्रॅमची ट्यूब आबांच्या हातात दिली, त्यांचा पहिला प्रश्न, "चांदी किती?" हिशोब केला, 200 मिलिग्रॅम औषध, त्यात साधारण 30 टक्के चांदी, म्हणजे 60 मिलिग्रॅम. आबा म्हणाले, "ह्यात घुंगरू पण व्हायचं नाही."

दुसऱ्याच वर्षी फटका बसला. एका डिस्ट्रिब्युटरकडून माल परत आला, तक्रार अशी की मलम काळपट पडतंय. आम्ही उजेडाला दोष देत बसलो कारण हे मलम उजेडात काळवंडतंच. शेवटी एक ट्यूब उभी चिरून बघितली तर मधे पांढरंशुभ्र आणि मागच्या घडीपाशी राखाडी रेघ. ॲल्युमिनियमच्या ट्यूबला आतून लॅकरचा पातळ थर असतो, तो घडीत तडकलेला आणि तिथं चांदी थेट ॲल्युमिनियमला लागलेली. अख्खी बॅच गेली. तेव्हापासून ट्यूबचा प्रत्येक लॉट आला की 10 ट्यूब चिरतो आणि घड्या घालून लॅकर बघतो, सप्लायरला राग येतो तर येऊदे.

आपलाच माल आहे म्हणून लपवत नाही, हे मलम प्रत्येक भाजण्यावर नाही. वरवरचं भाजलं असेल तर नव्या ड्रेसिंगपेक्षा ह्याने भरायला वेळ लागतो असं अभ्यासात दिसलंय, शिवाय जखमेवर पिवळट थर धरतो त्यामुळे डॉक्टरला खोली कळत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर नको, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नको, दिवस भरत आलेल्या बाईलाही नको. हे मी एमआर पोरांना, म्हणजे डॉक्टरांकडे औषधाची माहिती घेऊन जाणाऱ्यांना, आधी पाठ करायला लावतो, काही जण म्हणतात सर असं सांगितलं तर विकणार कसं.

कोविडमध्ये एकजण पोटात घ्यायचं चांदीचं पाणी बनवून द्या म्हणून मागे लागला, ॲडव्हान्स घेऊनच आलेला. असलं चांदीचं पाणी, म्हणजे कोलॉयडल सिल्व्हर, पीत राहिलं तर कातडी निळसर राखाडी पडते आणि परत उजळत नाही, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, 1999 लाच ते चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांतून बाद केलंय. चहा पाजून पाठवला.

आत्ताचं दुखणं भावाचं आहे. 2025 ला चांदी किलोला लाखाच्या वर गेली, म्हणजे ट्यूबमधली चांदीच 6 रुपयांच्या पुढे, आणि हे क्रीम आवश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे कमाल किंमत सरकार ठरवतं. पैंजणवाला सकाळचा भाव बघून दर बदलतो, आम्हाला ती सोय नाही. आबा हसतात.

म्हणून आता चांदीच्या ड्रेसिंगची जुळवाजुळव चाललीय. ते मेडिकल डिव्हाइसमध्ये येतं, 2017 चे रूल्स, फाइल वेगळी, टेस्ट वेगळ्या. पट्टीतून पहिल्या दिवशी किती चांदी सुटते आणि तिसऱ्या दिवशी किती हे मोजण्यातच वर्ष गेलं, पहिल्या नमुन्यात सगळी पहिल्याच दिवशी सुटायची. आता जमतंय असं वाटतंय. स्टॅबिलिटीचे, म्हणजे माल ठेवून किती टिकतो ते बघायच्या टेस्टचे, 6 महिने झालेत, अजून 18 जायचेत, तोवर क्रीम चालूच आहे.