पहिला पोर्टफोलिओ: केस स्टडीचं पहिलं पान उभं राहिलं

माझ्या पोर्टफोलिओचा, म्हणजे कामं दाखवणाऱ्या संकेतस्थळाचा, सांगाडा आता पक्का आहे. एक मुख्य पान, त्यावर मोजकी कामं आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र पान, म्हणजे त्याची केस स्टडी. फ्रेमवर्क (कोडचा तयार साचा) घेतलं नाही. साधं एचटीएमएल-सीएसएस लिहून गिटहब पेजेस या संकेतस्थळं ठेवायच्या सेवेवर चढवलंय. वेब डिझायनरचं काम बघणारा माणूस सोर्सही (पानामागचा कोड) उघडतो, आणि तिथली ओळ न ओळ मला समजावून सांगता आली पाहिजे.

या खेपेचा बहुतेक वेळ ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर गेला. हे सरावाचं काम आहे आणि पानाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. सराव दाखवायला काहीच हरकत नाही, तो खऱ्या ग्राहकाचं काम म्हणून खपवू नये एवढंच.

नुसते शेवटचे स्क्रीनशॉट लावले, तर बघणारा 'छान' म्हणून पुढे जातो. आपण विचार कसा केला हे त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मी एकेक निर्णय उलगडून दाखवतोय. पुस्तकाच्या नावाखालची लेखकाची ओळच घ्या. पहिल्या आराखड्यात ती #९९९९९९ या करड्या रंगात होती. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) जेमतेम २.८५:१ भरतो, आणि डब्ल्यूसीएजीच्या (संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या निकषांच्या) एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो. #७६७६७६ घेतला की ४.५४:१ होतो, म्हणजे काठावर पास. मी थेट आणखी गडद #५५५५५५ वर गेलो. पण मग नाव आणि लेखक सारखेच ठळक दिसायला लागले! तेव्हा नावाचा आकार आणि वजन (अक्षरांची जाडी) वाढवलं. दुय्यम मजकूर फिका करायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते, पण तो दुय्यम ठरवायला रंगच लागतो असं नाही. तिन्ही अवस्था शेजारी शेजारी ठेवल्यात, आणि या पानावर मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे.

पुस्तकांच्या यादीचा तक्ता ३२० पिक्सेल रुंदीवर आडवा सरकवावा लागत होता. तक्त्यांना डब्ल्यूसीएजीच्या रिफ्लोच्या (अरुंद पडद्यावर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा या) निकषात सूट आहे, तरी फोनवर ते वाचणं त्रासाचंच. तिथे प्रत्येक ओळीचं कार्ड केलं.

देवनागरी मजकुरासाठी लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ वरून १.७ केली. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार आता एकमेकांना भिडत नाहीत.

प्रत्येक चित्राला विड्थ-हाइट दिली, त्यामुळे लोड होताना पान उड्या मारत नाही. सगळ्यांत वरच्या मोठ्या चित्राचं लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवणं) मुद्दाम काढलं. तेच उशिरा आलं तर एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत बसवणं अवघड होतं.

आता दुसऱ्या कामाचं पान घ्यायचंय. त्यात एक फॉर्म आहे, आणि चुकीची माहिती भरल्यावरचे संदेश नुसत्या लाल रंगावर न सोडता शब्दांत कसे मांडायचे, तिथून सुरुवात करतोय.