साठाच्या खाली चालत नाही

विमानवाहू जहाजावरच्या इंधनाची टेस्ट स्वतः करून रिपोर्टवर सही करायची परवानगी मला लॅबमध्ये आठ महिन्यांनी मिळाली. त्यातली एक दुपार सांगते.

जेपी-५, म्हणजे या जहाजांवरच्या विमानांचं इंधन, हे शेवटी केरोसीनच. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेतात तो, किमान ६० अंश सेल्सिअस लागतो. विमानतळावरच्या जेट ए-१ या साध्या विमान-इंधनाला ३८ पुरतात. तिथे टाक्या उघड्यावर, वस्तीपासून लांब असतात. जहाजात त्याच पोलादी पोटात माणसं झोपतात, दारूगोळा असतो, आणि बंद जागेत ३८ अंश व्हायला आपला कोकणातला मे महिना पुरे. १९४२ मध्ये अमेरिकेचं लेक्सिंग्टन आणि १९४४ मध्ये जपानचं ताइहो ही विमानवाहू जहाजं पेट्रोलच्या कोंडलेल्या वाफांनीच आतून फुटली. जेपी-५ आलं १९५२ मध्ये. तेही जळतं, हे विसरू नये. १९६७ साली अमेरिकेच्या फॉरेस्टल या जहाजाच्या डेकवर रॉकेट सुटून आग लागली तेव्हा सांडलेलं इंधन जेपी-५च होतं आणि १३४ जण गेले.

तर टेस्ट. पेन्स्की-मार्टेन्स या फ्लॅश पॉइंट मोजायच्या उपकरणाचा पितळी कप खुणेपर्यंत भरायचा, झाकण लावायचं, मिनिटाला पाच-सहा अंशांनी तापवायचं. दर अंशाला ढवळणी थांबवून वातीएवढी ज्योत आत डोकावून काढायची. पेटतं तेव्हा कपाच्या तोंडावर निळसर झळक पसरते आणि हलका ‘फप’ आवाज येतो. ज्योतीभोवती आधीपासून दिसणारं निळं वलय म्हणजे फ्लॅश नव्हे. हा फरक डोळ्यांत बसायलाच माझे दोन महिने गेले.

त्या दिवशी टँकरच्या सॅम्पलला ६०.५ आलं. पास! मी रजिस्टर उघडलं. सरांनी आकडा पाहिला आणि विचारलं, “बाटली कधीपासून उघडी आहे?”

डेन्सिटी आधी घेतली होती. बाटली वीसेक मिनिटं बिनझाकणाची, पंख्याखाली.

“हलकं होतं ते उडून गेलं. आता हे इंधन खोटं बोलतंय. दुसरी बाटली काढ, गार असतानाच कप भर.”

दुसऱ्या बाटलीला ५८.५ आलं. पुन्हा केलं, ५८. बॅरोमीटर बघून दाबाचं करेक्शन लावलं, तरी साठ होईनात. माझे हात कापत होते. मी सही करून मोकळी झाले असते तर?

चौकशीत कळलं की टँकरने आधीच्या खेपेला साधं विमान-इंधन नेलं होतं आणि तळाचा उरलेला माल नीट काढलेला नव्हता. दिसायला दोन्ही पाण्यासारखी नितळ. डोळ्यांना काही कळत नाही.

टँकर परत गेला. तिसऱ्या दिवशी कप्पे धुऊन, नव्याने भरून आला. या वेळी फ्लॅश आधी घेतला, डेन्सिटी नंतर. ६२ आलं. सरांनी पेन माझ्याकडे सरकवलं.