नेटहंटर रूटलेस, तिसरी रात्र: सिग्नल ९ गेला एकदाचा

काल रात्री साडेअकराला फोनवर कालीचा (सिक्युरिटी तपासायची लिनक्स सिस्टीम) डेस्कटॉप उघडला आणि तासभर उघडाच राहिला! तीन दिवस ह्याच्याच मागं होतो, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

नेटहंटर म्हणजे फोनवरची काली, २०१४ ला आलं तेव्हा नेक्सस फोनांसाठी होतं, आता रूटलेस, लाइट आणि फुल असे तीन प्रकार आहेत. माझा फोन रोजच्या वापरातला, बँकेची ॲप्स त्यातच, रूट करायला (सिस्टीमचा पूर्ण ताबा घ्यायला) बूटलोडरचं कुलूप काढलं की डेटा साफ, म्हणून रूट न करता चालणारं रूटलेस. टर्मक्स हे टर्मिनल ॲप एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घेतलं. इन्स्टॉलची स्क्रिप्ट विचारते काली केवढी पाहिजे, फुल, मिनिमल की नॅनो, मी फुल घेतलं आणि पहिली रात्र तिथंच गेली, कारण खानापूरला पावसात लाईट गेली की वायफायपण जातं. शेवटी बेळगावात टिळकवाडीला मित्राच्या रूमवर बसून उतरवलं.

खरा त्रास पुढंच. केक्स (डेस्कटॉप दाखवणारा भाग) सुरू केलं, डेस्कटॉप आला, फायरफॉक्स उघडला की सगळं धप्प. टर्मक्समध्ये एकच ओळ, प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल ९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं मारली. मला वाटलं रॅम कमी पडतेय, दोनदा परत इन्स्टॉल केलं, आई म्हणते "काय करूलास रे रातभर त्या फोनात?" रॅमचा संबंधच नव्हता. अँड्रॉइड १२ पासून फोनची सिस्टीम, ॲप्सनी मागं सुरू केलेल्या प्रोसेस मोजते, सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की मारायला लागते, आणि डेस्कटॉप चालवला की तेवढ्या होतातच.

उपाय एडीबीचा (फोनला आतून कमांड द्यायचं टूल), पण लॅपटॉप लागत नाही. डेव्हलपर ऑप्शनमध्ये वायरलेस डीबगिंग चालू करा आणि टर्मक्समधूनच एडीबी जोडा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, पेअरिंग कोडची खिडकी सोडून दुसऱ्या ॲपात गेलं की ती बंद होते आणि कोड बाद, मी चारदा फसलो, स्प्लिट स्क्रीन केल्यावर जमलं. मग ह्या प्रोसेस मोजणाऱ्या फँटम प्रोसेस मॉनिटरचं सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद केलं, बस. माझं अँड्रॉइड १३ आहे, १४ वाल्यांना डेव्हलपर ऑप्शनमध्येच चाइल्ड प्रोसेसची मर्यादा बंद करायचं बटण मिळतं.

लगेच घरच्या राउटरवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधायचं टूल) मारला. रूट नाही म्हणून सिन स्कॅन (अर्धवट जोडणीचा) होत नाही, पूर्ण जोडणीचा कनेक्ट स्कॅनच करायचा. पोर्ट २३, टेलनेट (दुरून लॉगिन करायचा जुना, असुरक्षित मार्ग), उघडा! किती दिवस तसाच होता देव जाणे, तिथल्या तिथं बंद केला. शेजाऱ्याच्या वायफायवर हात टाकायचा नाही हे पोरांनो मनापासून सांगतोय, आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मॉनिटर मोड (आसपासचं सगळं वायफाय ट्रॅफिक ऐकायचा) रूटलेसमध्ये नाहीच. त्यासाठी ड्रॉवरमधला जुना पोको एफ१ काढलाय, त्याला नेटहंटरचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आहे. ओटीजीवर लावायला एआर९२७१ चिपचा वायफाय अडॅप्टर शोधतोय, बेळगावात कुणाकडं असला तर सांगा, रविवारी येऊन घेतो.