'नथिंग टू स्कॅन': स्कॅनर बोलायला लागेपर्यंतचे अडीच आठवडे

बाबांचा मुक्काम सहा महिन्यांचा, आणि त्यातले अडीच आठवडे मी एका ओळीपायी घालवले. 'नथिंग टू स्कॅन'. इथे ओहायोतल्या कोलंबसमध्ये खिडकीखालून आगीचा बंब कोकलत चाललाय आणि हातातला स्कॅनर, म्हणजे पोलीस-अग्निशमनाचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, म्हणतंय, ऐकण्यासारखं काही नाही.

बाबा पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले. अमेरिकेत आले की आठव्या दिवशी कंटाळतात. म्हणून त्यांच्यासाठी युनिडेन कंपनीचा एसडीएस100 हा वापरलेला स्कॅनर घेतला. यंत्राची निवड सोपी होती. ओहायोत पुष्कळशा अग्निशमन आणि पोलीस यंत्रणा 'मार्क्स' नावाच्या राज्यव्यापी डिजिटल जाळ्यावर बोलतात, पी25 नावाच्या डिजिटल पद्धतीने. शहरी भागात बरेचदा अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तोच आवाज पाठवतात, त्याला सायमलकास्ट म्हणतात. प्रत्येक टॉवरचा सिग्नल किंचित मागेपुढे पोचतो आणि साध्या डिजिटल स्कॅनरमध्ये बोलणं तुटतं. 2018 मध्ये आलेल्या एसडीएस100 चा रिसीव्हर नेमकं हेच सांभाळण्यासाठी बनवलाय. विषय संपला.

पण विक्रेत्याने 'तुमच्या भागाचं प्रोग्रॅमिंग करून देतो' म्हणून चाळीस डॉलर वेगळे घेतले, आणि तिथेच माशी शिंकली. त्याचं नाव घेत नाही. यंत्र आलं, चालू केलं, तर ही ओळ. त्याला मेल केली. तीन दिवसांनी उत्तर: 'पिनकोड टाका, चालेल.' टाकला. तीच ओळ. पुन्हा मेल, पुन्हा तीन दिवस: 'फॅक्टरी रीसेट करा.' तिसऱ्या वेळी: 'यंत्र परत पाठवा, नव्याने प्रोग्रॅम करायचे चाळीस डॉलर पडतील.' बाबा रोज चहाच्या वेळी विचारायचे, "लागला का गं?" आणि वर, "आमच्या वेळी नॉब फिरवला की लागायचं."

मग ठरवलं, आपणच करू.

पहिला अर्धा दिवस माझ्याच मूर्खपणात गेला. कुणीतरी फ्रीस्कॅन या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं होतं. फुकट आहे, चांगलंही आहे, पण ते जुन्या पिढीच्या यंत्रांसाठी, म्हणजे बीसीडी996एक्सटी, बीसीडी325पी2 वगैरे. नव्या यंत्रांची सगळी माहिती मेमरी कार्डावरच्या फायलींत असते. आधी मॉडेल, मग सॉफ्टवेअर. उलटं करू नका. व्हिसलर कंपनीचं यंत्र असेल तर त्यांचं स्वतःचं ईझी स्कॅन.

एसडीएस100 साठी युनिडेनचं सेंटिनेल मोफत मिळतं, फक्त विंडोजवर चालतं. माझ्याकडे मॅक, म्हणून मैत्रिणीचा जुना लॅपटॉप आणला. प्रोस्कॅन आणि ब्यूटेलचं एआरसी536 ही पैसे देऊन घ्यायची. संगणकावरून यंत्र चालवायचं, रेकॉर्डिंग करायचं असेल तर ती कामाची, पण आधी ट्रायलवर वापरून बघा. आणखी एक खर्च लोक सांगत नाहीत: अशा सॉफ्टवेअरमध्ये रेडिओरेफरन्स या फ्रिक्वेन्सींची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरची माहिती थेट ओढायची तर तिथलं प्रीमियम सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं. सेंटिनेलला ते लागत नाही. तोच डेटाबेस युनिडेनमार्फत दर आठवड्याला ताजा होऊन येतो. मला हे कळलं तेव्हा सदस्यत्वाचे पैसे भरून झाले होते.

आता मुख्य दुखणं. सेंटिनेलमध्ये आमच्या काउंटीची 'फेव्हरिट्स लिस्ट', म्हणजे काय ऐकायचं त्याची यादी, बनवली, यंत्रात लिहिली, तरी 'नथिंग टू स्कॅन'. चार वेळा लिहिली. केबल बदलली. (फक्त चार्जिंगची केबल असेल तर संगणकाला यंत्र दिसतच नाही, ते एक वेगळंच. आणि जोडल्यावर यंत्र विचारतं, मास स्टोरेज की सीरियल? सेंटिनेलला मास स्टोरेज.) अँटेना खराब असेल म्हणून नवी मागवणार होते. तेवढ्यात हवामानाचा मोड लावला, आणि 162.550 मेगाहर्ट्झवर विल्मिंग्टनच्या हवामान कार्यालयाचा तो यांत्रिक आवाज खणखणीत आला. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जे केंद्र चोवीस तास बोलतं ते ऐकू आलं म्हणजे अँटेना ठीक, यंत्र ठीक, घोळ फक्त प्रोग्रॅमिंगचा.

त्या रविवारी रात्री, सगळे झोपल्यावर, मॅन्युअल शेजारी ठेवून सेंटिनेलमधला प्रोफाइल एडिटर, म्हणजे यंत्राची सेटिंग्ज ठरवायची खिडकी, ओळीओळीने वाचला. तिथे प्रत्येक लिस्टसमोर दोन खुणा असतात: डाउनलोड आणि मॉनिटर. डाउनलोड म्हणजे लिस्ट यंत्रात जाईल. मॉनिटर म्हणजे यंत्र ती ऐकेल. माझी पहिली होती, दुसरी नव्हती. लिस्ट यंत्रात निमूट पडून होती! पूर्ण डेटाबेस ऐकायचा की नाही याचीही अशीच खूण असते. विक्रेत्याने ती काढलेली, म्हणून पिनकोड टाकून उपयोग नव्हता.

खूण केली, लिहिलं, चालू केलं. 'नथिंग टू स्कॅन'.

तेव्हा मी यंत्र उशीखाली कोंबलं होतं, खरं सांगते.

दुसरी गाठ सर्व्हिस टाइपची निघाली. प्रत्येक टॉकग्रुपवर, म्हणजे बोलणाऱ्यांच्या गटावर, शिक्का असतो: फायर डिस्पॅच (अग्निशमन), लॉ डिस्पॅच (पोलीस), ईएमएस (रुग्णवाहिका) असा. प्रोफाइलमध्ये तो प्रकार बंद असेल तर लिस्ट कितीही चोख असो, यंत्र तिकडे बघत नाही. विक्रेत्याने एकट्या पोलिसांचा प्रकार चालू ठेवला होता आणि माझी लिस्ट सगळी अग्निशमनाची. फायर डिस्पॅच, फायर टॅक, ईएमएस चालू केले आणि पावणेदोन वाजता आकडे पळायला लागले. मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

पुढे एक छोटी अडचण आली, ती दहा मिनिटांत सुटली. मी मार्क्सचे सगळे टॉवर घेतले होते, दोनशेच्या वर. यंत्र प्रत्येकाचा कंट्रोल चॅनल, म्हणजे कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय ते सांगणारा चॅनल, शोधत हिंडायचं आणि आपल्या गल्लीतलं बोलणं निसटायचं. आपल्या काउंटीचे आणि लगतचे ठेवा, बाकी काढा.

आता आठवतंय तसं: काहीही करण्याआधी 'रीड फ्रॉम स्कॅनर' करा आणि कार्डाची अख्खी नक्कल संगणकावर ठेवा. 'राइट' केलं की यंत्रातल्या जुन्या लिस्ट पुसल्या जाऊ शकतात. रेडिओरेफरन्सवर टॉकग्रुपच्या मोडमध्ये डीई किंवा टीई दिसलं तर ते पूर्ण एन्क्रिप्टेड आहे, त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, आणि फोडून ऐकणं गुन्हा आहे. न्यू यॉर्क राज्यात पोलीस फ्रिक्वेन्सी ऐकणारं यंत्र परवान्याशिवाय गाडीत बसवता येत नाही, प्रवासाला निघताना बघून घ्या. बाबांना हे पुण्याला न्यायचं होतं. त्यांनाच आठवण करून दिली की 1933 च्या वायरलेस कायद्यापासून आपल्याकडे अशी यंत्रं विनापरवाना बाळगता येत नाहीत. "मला शिकवतेस?" म्हणाले, पण पुन्हा विषय काढला नाही.

आमच्या काउंटीत दर बुधवारी दुपारी बाराला वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते. आता बाबा पावणेबारापासूनच वही-पेन घेऊन स्कॅनरशेजारी बसतात, भोंगा होईस्तोवर कोण काय बोलतं ते टिपत.

परवा विक्रेत्याची मेल आली, अडीच महिन्यांनी. फॅक्टरी रीसेट करून पाहिलंत का, असं विचारतोय.